कल्चर पुन्हा पुन्हा मरतंय? आधी डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) कुठल्या दिशेला गेला ते बघा

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. तीन-चार आठवडे ईटीपी, म्हणजे कारखान्याचा सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, व्यवस्थित चालतो. मग एखाद्या सकाळी क्लॅरिफायरचं (गाळ खाली बसवणाऱ्या टाकीचं) पाणी गढूळ, जीवाणूंना हवा देणाऱ्या एरिएशन टाकीवर पांढरा फेस आणि आउटलेटचा सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे प्रदूषणाचं माप) दुपटीवर. ‘कल्चर मेलं’, म्हणजे पाणी साफ करणारे जीवाणू मेले, म्हणून नव्या जीवाणूंची पाकिटं मागवली जातात, टाकीत ओतली जातात, आठवडाभरात पाणी सुधारतं आणि विषय संपतो. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

अशा वेळी दोष टाकीत क्वचितच सापडतो. गोष्ट घडलेली असते आधीच्या एखाद्या शिफ्टमध्ये आणि ईटीपीपासून लांब. कुणी मशीनचे कूलंट (थंडाव्याचं तेल-पाणी) साठवणारे सम्प रिकामे केले, कुणी पाइपलाइन जंतुनाशकाने धुतली, कुणी प्लेटिंगची जुनी बाथ (मुलामा देण्याचं द्रावण) बदलली, कूलिंग टॉवरला बायोसाइडचा (जीवाणूनाशकाचा) डोस देऊन लगेच ब्लोडाउन (टॉवरमधून काढून टाकायचं पाणी) सोडला. यातलं काहीही दर महिन्याला होत असेल तर बिघाडही दर महिन्यालाच होणार.

पाकिटांनी फरक पडला असं वाटतं, त्याचं गणित एकदा मांडून बघा. समजा एरिएशन टाकी ५०० घनमीटरची, रोजचं पाणी २०० घनमीटर आणि एमएलएसएस, म्हणजे टाकीत तरंगणारा जीवाणूंचा गाळ, ३,००० मिलिग्रॅम प्रति लिटर. म्हणजे टाकीत कोरडा धरला तर १,५०० किलो गाळ आहे. त्यात ५ किलोचं पाकीट म्हणजे ०.३ टक्के, आणि त्या पाच किलोंतही बराचसा भाग कोंडा किंवा तसलंच भरण. मग पाणी सुधारलं कशाने? विष वाहून गेलं म्हणून. या टाकीत पाण्याचा मुक्काम अडीच दिवसांचा. नीट ढवळल्या जाणाऱ्या टाकीत स्वच्छ पाणी येत राहिलं तर विरघळलेलं रसायन अशा तीन मुक्कामांनंतर सुमारे ५ टक्के उरतं, म्हणजे साडेसात दिवसांत. पाकीट टाका किंवा टाकू नका, आठवडा तेवढाच लागतो. श्रेय मात्र पाकिटाला जातं, आणि खरं कारण शोधायची गरजच कुणाला वाटत नाही.

डीओ वर गेला की खाली?

निदानाची सुरुवात इथूनच करा. ब्लोअर तेवढेच चालू असताना टाकीतला डीओ खाली गेला असेल तर जीवाणू जिवंत आहेत आणि त्यांच्यापुढे खाणं जास्त आलंय. हा सेंद्रिय भाराचा धक्का. उपायही सरळ: हवा वाढवा, आवक कमी करा, नायट्रोजन-फॉस्फरस पुरतो का ते तपासा.

उलट डीओ वर गेला, रोज २ मिलिग्रॅम प्रति लिटर असणारा अचानक ५ किंवा ६ दाखवू लागला, तर ती चांगली बातमी नाही. हवा तेवढीच येतेय, पण ती वापरणारं कुणी उरलेलं नाही किंवा जे आहेत ते काम करत नाहीत. लॉगशीटमध्ये अशा दिवशी ‘डीओ उत्तम’ असा शेरा लिहिलेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी आउटलेट घसरतं. वाढलेला डीओ आणि त्याच्या जोडीला वाढलेला आउटलेट सीओडी दिसला की विषबाधा गृहीत धरून कामाला लागा.

इथे फसायच्या जागा आहेत. ब्लोअर डीओवर आपोआप चालत असेल तर आकडा २ वरच राहील. त्या वेळी ब्लोअरचा वेग किंवा मोटरचा करंट बघायचा. तो कारण नसताना उतरला असेल तर अर्थ तोच. तेलकट पाणी आलं असेल तर प्रोबवर थर बसतो आणि रीडिंग सुस्त होतं किंवा चुकतं, म्हणून आधी प्रोब पुसा, मग निष्कर्ष काढा. आवक खूप कमी झाली असेल तरी डीओ वाढतो, तेव्हा त्या दिवसाचा फ्लोही बघा. आणि धुलाईत हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा पेरॅसेटिक ॲसिड वापरलं असेल तर गाळातली एन्झाइमं पेरॉक्साइड फोडून त्यातून ऑक्सिजन बाहेर काढतात, आणि डीओ काही काळ खोटा चढतो.

अमोनिया काढणारा प्लांट असेल तर आणखी आधी इशारा मिळतो. नायट्रिफिकेशन करणारे, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट बनवणारे, जीवाणू सगळ्यांत नाजूक आणि सगळ्यांत हळू वाढणारे. सीओडी अजून ठीक असतानाच आउटलेटचा अमोनिया चढायला लागतो. नायट्रिफिकेशनमधून आम्ल तयार होतं. ते थांबलं की टाकीचा पीएच थोडा वर सरकतो. कुणी अल्कली घातलेली नसताना ७.० चा पीएच ७.५ कडे चालला असेल तर अमोनियाचं सॅम्पल लगेच लावा.

एक बाटली, डीओ मीटर आणि घड्याळ

विषबाधा झालीये की नाही हे पंधरा मिनिटांत ठरवता येतं. त्याला ओयूआर म्हणतात, म्हणजे गाळ ऑक्सिजन किती वेगाने खातो त्याचं माप. ही चाचणी रोज एकदा व्हावी असं माझं ठाम मत आहे. सीओडीचा रिपोर्ट यायच्या आत ती बोलते.

टाकीतून ताजं मिक्स्ड लिकर (पाणी आणि गाळाचं मिश्रण) घ्या, अर्ध्या भरलेल्या बाटलीत जोरात हलवून हवा मिसळा, मग बीओडीच्या (जैविक ऑक्सिजन मागणी मोजायच्या) बाटलीत काठोकाठ भरा. आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. प्रोब घट्ट बसवा, चुंबकीय स्टररवर ढवळत ठेवा आणि दर मिनिटाला डीओ लिहा. समजा ६ मिनिटांत तो ६.५ वरून २.९ वर आला. म्हणजे मिनिटाला ०.६, तासाला ३६ मिलिग्रॅम प्रति लिटर. याला एमएलव्हीएसएसने, म्हणजे त्या गाळातल्या सेंद्रिय भागाने, भागायचं. तो लिटरला २.४ ग्रॅम असेल तर उत्तर १५ मिलिग्रॅम ऑक्सिजन, दर ग्रॅमला, दर तासाला. साधारण ८ ते २० च्या पट्ट्यात असलेला गाळ ठीकठाक काम करत असतो. पण पुस्तकी पट्ट्यापेक्षा तुमच्या प्लांटचा चांगल्या दिवसांतला आकडा जास्त कामाचा. तोच गाळ १० मिनिटांत ६.८ वरून जेमतेम ६.२ वर आला, तर हिशेब दीडवर येतो. त्या गाळाला काहीतरी झालंय.

काहीतरी, पण काय? उपाशी गाळसुद्धा कमी ऑक्सिजन खातो. म्हणून दुसरी बाटली लावा आणि तिच्यात थोडं सोडियम ॲसिटेट किंवा ग्लुकोज घाला. वेग लगेच वाढला तर गाळ उपाशी होता. खाणं समोर ठेवूनही वेग हलला नाही तर तो बाधित आहे.

हाच प्रयोग पुढे नेला की संशयित द्रव पकडता येतो. ओईसीडी २०९ आणि आयएसओ ८१९२ या प्रमाणित चाचण्या याच तत्त्वावर आहेत; प्रयोगशाळेत ३,५-डायक्लोरोफिनॉल हे माहीत असलेलं विष तुलनेसाठी वापरतात. प्लांटवर त्याचं साधं रूप पुरतं. सारख्या आकाराचे पाच-सहा बीकर, प्रत्येकात सारखा गाळ आणि सारखं खाणं, आणि संशयित द्रव ०, १, २, ५, १० टक्के असा वाढत्या क्रमाने. उरलेली जागा पाण्याने भरून सगळ्यांचं आकारमान एक करायचं. अर्धा तास आणि मग तीन तास हवा देऊन प्रत्येकाचा ओयूआर मोजायचा. कितव्या टक्क्याला वेग निम्म्यावर आला, ते तुमचं उत्तर.

दोन पथ्यं मात्र पाळा. द्रवाचा पीएच आधी ७ च्या आसपास आणा, नाहीतर तुम्ही फक्त आम्ल किंवा कॉस्टिकचा परिणाम मोजत बसाल. आणि एक बीकर गाळाशिवाय, नुसत्या द्रवाचा ठेवा, कारण बायसल्फाइटसारखी रसायनं जीवाणूंशिवायही ऑक्सिजन गिळतात. पीएच बदलण्यापूर्वी त्या द्रवात काय आहे ते विचारा. सायनाइड, सल्फाइड किंवा हायपोक्लोराइट असलेल्या पाण्यात आम्ल पडलं तर जीवघेणे वायू निघतात. ते काम फ्यूमहूडखाली आणि माहितगार माणसानेच करायचं. कमी टक्क्याला ओयूआर उलट वाढलेला दिसला तर गोंधळू नका. कित्येक टाकाऊ द्रव थोड्या प्रमाणात खाद्य असतात आणि जास्त प्रमाणात विष.

सूक्ष्मदर्शक असेल तर तोही लावा. १०० पटीत निरोगी गाळात देठावर डोलणारे व्हॉर्टिसेला दिसतात, फ्लॉकवर (जीवाणूंच्या गुठळ्यांवर) सरपटणारे ॲस्पिडिस्का दिसतात, जुन्या गाळात रोटिफरही. विषबाधेत आधी यांची हालचाल थांबते, मग फ्लॉक फुटून पाण्यात सुटे जीवाणू पसरतात. क्लॅरिफायरचा गढूळपणा तोच, आणि पांढऱ्या फेसाला फुटलेल्या पेशींमधली प्रथिनंही हातभार लावतात. बारीक फ्लॅजेलेट्सची (धाग्यासारख्या शेपटीने पोहणाऱ्या सूक्ष्मजीवांची) गर्दी दिसायला लागली की गाळ सावरू लागलाय असं समजा.

संशयितांची ओळख परेड

मशीन शॉप असलेल्या कारखान्यात पहिला संशय खराब झालेल्या कूलंटवर घ्या. त्यात तेल असतं, सीओडी लिटरला हजारांच्या घरात नव्हे तर कित्येकदा लाख मिलिग्रॅमच्या जवळ असतो, आणि शिवाय कूलंट सडू नये म्हणून मुद्दाम घातलेलं बायोसाइड असतं: आयसोथायाझोलिनोन किंवा ट्रायाझिन. म्हणजे जीवाणू मारण्यासाठीच बनवलेला द्रव आपण जीवाणूंच्या टाकीत सोडतो. आयसोथायाझोलिनोन पेशीतल्या प्रथिनांच्या सल्फर गटांना चिकटून त्यांचं काम बंद पाडतं. ट्रायाझिनमधून हळूहळू फॉर्माल्डिहाइड सुटतं.

बऱ्याच जणांची समजूत असते की कूलंटचं इमल्शन (तेल-पाण्याचं एकजीव मिश्रण) फोडलं, तेल वर काढलं की प्रश्न मिटला. आम्लाने पीएच २-३ वर नेला, तेल तरंगलं, खाली छान पारदर्शक पाणी राहिलं. पण ही बायोसाइडं पाण्यात विरघळणारी आहेत. ती तेलाबरोबर जात नाहीत, त्या पारदर्शक पाण्यातच राहतात. ट्रायाझिनचं तर आम्लात विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड आणखी वेगाने सुटतं. दिसायला स्वच्छ आणि गाळाला घातक, असं ते पाणी असतं. आयसोथायाझोलिनोन असेल तर सोडियम मेटाबायसल्फाइटने ते निष्क्रिय करता येतं. जास्तीचं बायसल्फाइट मात्र टाकीतला ऑक्सिजन खाईल, म्हणून डोस बीकरवर ठरवा.

अन्नप्रक्रिया, पेयं, औषधं अशा ठिकाणी सीआयपी (यंत्रं न खोलता जागच्या जागी केलेली) धुलाई आणि फरशीची जंतुनाशकं बघा. क्वाटर्नरी अमोनियम, म्हणजे बोलीत ‘क्वाट’, पेशीचं आवरणच फोडतं आणि गाळाला घट्ट चिकटतं. त्यामुळे ते पाण्याबरोबर वाहून जात नाही, गाळातच साठत राहतं. गंमत अशी की तेच क्वाट रोज थोडं थोडं आलं तर काही जीवाणू त्याला सरावतात आणि खातातही. महिन्यातून एकदा बादलीभर आलं तर सरावायला वेळच मिळत नाही. सीआयपीचं कॉस्टिक वेगळ्या वाटेने त्रास देतं. पीएच सुधारून घेतला तरी सोडियम उरतो, तो फ्लॉकला बांधून ठेवणाऱ्या कॅल्शियमची जागा घेतो आणि फ्लॉक ठिसूळ होतो. विष कुठेच सापडत नाही आणि पाणी तरी गढूळ, अशा प्लांटमध्ये हे तपासून बघा.

प्लेटिंग आणि फॉस्फेटिंगमधून क्रोमियम, निकेल, जस्त, तांबं येतं. इथे बिघाड एका दिवसात दिसेलच असं नाही. धातू गाळात साचत जातात, एमएलव्हीएसएसचं एमएलएसएसशी प्रमाण उतरत जातं आणि एमएलएसएसचा आकडा भारदस्त दिसत असतानाही काम करणारा गाळ कमी झालेला असतो. हेक्झाव्हॅलंट क्रोमियम पीएच २-३ ला मेटाबायसल्फाइटने ट्रायव्हॅलंटवर आणून, मग पीएच ८.५ ते ९ ला खाली बसवायचा असतो. ती टाकी नीट चालते ना, एवढं आधी बघा.

कूलिंग टॉवरच्या ब्लोडाउनमध्ये ग्लुटारल्डिहाइड किंवा पुन्हा तेच आयसोथायाझोलिनोन सापडतं. डोस दिल्यावर काही काळ ब्लोडाउन बंद ठेवला तर हा प्रश्न बहुतेक वेळा तिथेच मिटतो.

आरओ रिजेक्ट (आरओ यंत्रातून उरलेलं खारट पाणी) किंवा खारट बाथ एकदम आली तर पेशींतलं पाणी बाहेर खेचलं जातं. मीठ स्वतः तितकं वाईट नाही. हळूहळू वाढवलं तर गाळ बऱ्यापैकी खारटपणा सोसतो. उडी वाईट.

ग्लायकॉलचं नाव या यादीत उगीच येतं. अँटिफ्रीझमधलं ग्लायकॉल जीवाणूंना आवडतं. त्याने डीओ खाली जातो, नायट्रोजन-फॉस्फरस कमी पडतो, नंतर तंतुमय जीवाणू वाढून गाळ फुगतो. बीओडी, नायट्रोजन, फॉस्फरस यांचं १००:५:१ हे प्रमाण सांभाळलं तर तो प्रश्न सुटतो. त्यासाठी विषबाधेची औषधं लावू नका.

गुन्ह्याची वेळ

बिघाडाचे दिवस कॅलेंडरवर मांडा. सोमवारीच होतो का? मग सुटीच्या दिवशी कोण काय धुतं ते विचारा. सम्प साफ करायला, बाथ बदलायला सुटीच सोयीची असते. डीओ ज्या तासाला चढला तिथून मागे जा. समीकरण टाकीत (आवक गोळा करून एकसारखी करणाऱ्या टाकीत) पाणी किती वेळ थांबतं तेवढं वजा करा आणि त्याच्या आगेमागे एक शिफ्ट धरा. देखभाल विभागाची नोंदवही आणि स्टोअरमधून निघालेल्या रसायनांची यादी शेजारी ठेवा. चौकशीचा सूर मात्र जपा. दटावलं की पुढच्या वेळी तोच द्रव रात्री, गुपचूप, पावसाच्या गटारात जातो, आणि मग तो सापडणंच बंद होतं.

दिवसभराचं एकत्र केलेलं सॅम्पल या कामाला निरुपयोगी आहे. अर्ध्या तासात येऊन गेलेला धक्का चोवीस तासांच्या पाण्यात मिसळून नाहीसा होतो. ऑटोसॅम्पलर नसेल तर इनलेटला दर दोन तासांनी अर्धा लिटर भरून फ्रीजमध्ये ठेवा. बिघाड झाला तर तपासा, नाहीतर ओतून द्या.

बीओडीचा रिपोर्टही नीट वाचा. विषारी पाण्यात बीओडीच्या बाटलीतले जीवाणूसुद्धा मरतात, म्हणून आकडा खोटा कमी येतो. लॅबने एकाच सॅम्पलची तीन-चार विरलनं (कमी-जास्त पाणी घालून पातळ केलेले नमुने) केली असतील तर सगळे आकडे मागवा. विरलन वाढेल तसा हिशेबातला बीओडी वाढत गेलेला दिसला, तर त्या पाण्यात जीवाणूंना रोखणारं काहीतरी नक्की आहे.

पहिल्या दिवशी काय करायचं

संशयित पाणी आधी वेगळ्या टाकीत वळवा. ब्लोअर आणि रिटर्न गाळ (क्लॅरिफायरमधून टाकीत परत येणारा) चालूच ठेवा. घाईने गाळ काढून टाकू नका, त्यात अजून जिवंत जीवाणू आहेत. याला अपवाद धातू आणि क्वाट: ते गाळालाच चिकटलेले असतात, तेव्हा गाळ थोडा जास्त काढावाच लागतो.

आवक पूर्ण बंद करायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. विरघळलेल्या विषाच्या बाबतीत ती उलटी पडते, कारण आवक बंद म्हणजे धुऊन जाणंही बंद. ज्ञात आणि निर्धोक प्रवाह, उदाहरणार्थ सांडपाण्याचा घरगुती भाग, चालू ठेवा. तो खाद्यही देतो आणि टाकीही धुतो. फेसावर अँटिफोम ओतताना हात आखडा ठेवा, त्याने हवेतला ऑक्सिजन पाण्यात उतरणं आणखी कमी होतं. क्लॅरिफायर फारच गढूळ असेल तर पॉलिमरचा हलका डोस चालतो.

पुन्हा होऊ नये म्हणून

एकच बदल करण्याइतकं बजेट असेल तर टाकाऊ द्रवांसाठी वेगळी साठवण टाकी आणि एक छोटा डोसिंग पंप घ्या. नवीन ब्लोअरपेक्षा मी यालाच आधी पैसे लावीन. वरच्याच प्लांटचं उदाहरण घेऊ. बीकरच्या चाचणीत कूलंटचं प्रक्रिया केलेलं पाणी २ टक्क्यांपर्यंत त्रास देत नाही असं दिसलं. त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे ०.५ टक्के धरा. २०० घनमीटरला दिवसाला १ घनमीटर. ५ घनमीटरची बॅच पाच दिवसांत, दिवसरात्र थोडी थोडी सोडायची.

मग भाराचा हिशेब वेगळा करायचा. त्या पाण्याचा सीओडी ६०,००० मिलिग्रॅम प्रति लिटर असेल तर १ घनमीटर म्हणजे ६० किलो. प्लांटचा नेहमीचा सीओडी १,५०० असेल तर रोजचा भार ३०० किलो. त्यात २० टक्क्यांची भर ब्लोअरला झेपते का ते बघा. तीच बॅच एकदम सोडली तर ३०० किलो, म्हणजे अख्ख्या दिवसाचा भार तासाभरात. बायोसाइड नसतं तरी टाकी कोलमडली असती.

खरेदी विभागाला एक गोष्ट सांगून ठेवा: नवीन कूलंट, डिग्रीझर किंवा जंतुनाशक यायच्या आधी त्याचं सुरक्षा माहितीपत्रक आणि एक लिटर नमुना ईटीपीला मिळाला पाहिजे. ‘बायोडिग्रेडेबल’ या छापील शब्दावर जाऊ नका. पदार्थ विघटनशील आहे याचा अर्थ तो तुमच्या टाकीत, तुमच्या प्रमाणात निरुपद्रवी आहे असा होत नाही. बीकर लावा.

सीओडी, गढूळपणा सगळं जागेवर आलं आणि अमोनिया तेवढा उतरत नाही, असं बऱ्याचदा होतं. नायट्रिफिकेशन परतायला काही आठवडे लागू शकतात. त्या काळात डीओ २ च्या वर आणि पीएच ७.२ ते ८ ठेवा, गाळ शक्य तितका कमी काढा आणि क्षारता (पाण्याची आम्ल शोषून घ्यायची क्षमता) मोजा: १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला ७.१४ मिलिग्रॅम क्षारता खर्च होते, म्हणजे ४० मिलिग्रॅमला सुमारे २८५. क्षारता पुरेशी असूनही दोन-तीन आठवड्यांत आकडा हलला नाही, तर आधी इनलेटच्या पाण्याची नायट्रिफिकेशन रोखण्याची चाचणी करून घ्या. आयएसओ ९५०९ त्यासाठीच आहे. ती स्वच्छ आली, तर व्यवस्थित नायट्रिफिकेशन करणाऱ्या दुसऱ्या प्लांटचा ताजा गाळ टँकरने आणा. १० घनमीटर रिटर्न गाळात ८० ते १०० किलो जिवंत गाळ येतो, आणि त्यात हवे ते जीवाणू आधीच कामाला लागलेले असतात.